गाडी काट्यावर चढायच्या आधीच वजन? कारखान्यातल्या घड्याळांचं एकमत

प्रश्न थोडक्यात असा. एका सहकारी साखर कारखान्याचा संगणक विभाग सांभाळणाऱ्या गृहस्थांनी विचारलं आहे. गेट, वजनकाटा, प्रयोगशाळा, शेतकी आणि हिशेब मिळून चौदा संगणक, त्यांतले बहुतेक विंडोज. एक लिनक्स सर्व्हर, काट्याच्या बूमवर, म्हणजे अडसरावर, गाडीची आरएफआयडी (रेडिओ लहरींवर वाचली जाणारी ओळखपट्टी) वाचणारी एक छोटी लिनक्स पेटी आणि सीसीटीव्हीचा रेकॉर्डर. लिनक्सच्या दोन्ही मशिनवर क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या सोयीतून, दर तासाला एनटीपीडेट हा नेटवर्कवरून वेळ विचारून घड्याळ जुळवणारा छोटा प्रोग्राम चालतो. तरीही महिन्यातून चार-पाचदा एखादी गाडी काट्यावर चढल्याची नोंद तिच्या वजनाच्या नोंदीनंतरची दिसते. शेतकरी पावती पुढे करतो तेव्हा सांगायला काही नसतं. इंटरनेट मोबाइल राउटरवर आहे आणि दिवसातून दोन-तीनदा जातं. तर घड्याळ सतत जुळवत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी एनटीपीडी घ्यावं की क्रॉनी, वेळ विचारायला किती सर्व्हर लावावेत आणि इंटरनेट गेल्यावर काय करावं?

मी बावीस वर्षं सर्व्हर सांभाळते आहे. त्यातली बरीच वर्षं अशा ठिकाणी गेली जिथे इंटरनेट येतं-जातं आणि धूळ-उष्णता कायमची असते. सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं ते एका ओळीत सांगता येईल: क्रॉनी घ्या. पण नुसतं तेवढं बदलून तुमची पावती सुधारणार नाही, म्हणून जरा मागून सुरुवात करते.

तुमची घड्याळं दिल्लीच्या प्रमाणवेळेपेक्षा दोन सेकंद मागे असली तर शेतकऱ्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते बूमची पेटी आणि काट्याचा संगणक यांचं आपसात जुळलं नाही की. गाडी चढणं आणि वजन पक्कं होणं यांत सहा-आठ सेकंदांचं अंतर असतं. दोन घड्याळांतला फरक त्याहून वाढला की क्रम उलटतो. म्हणजे तुम्हाला पहिली गरज आहे कारखान्याच्या कुंपणाच्या आत सगळ्या घड्याळांचं एकमत असण्याची. दुसरी गरज म्हणजे कोणतंही घड्याळ कामाच्या वेळी मागे उडी मारणार नाही याची. जगाशी अचूक जुळणं तिसऱ्या क्रमांकावर येतं. हा क्रम लक्षात ठेवला की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

संगणकातलं घड्याळ एका क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालतं आणि साध्या मदरबोर्डवरचा स्फटिक काही फार काटेकोर नसतो. दहा लाखांत वीस भागांची चूक म्हणजे दिवसाला सुमारे १.७ सेकंद. पन्नास भागांची असेल तर ४.३ सेकंद. शिवाय ही चूक तापमानाबरोबर हलते. काट्याच्या पत्र्याच्या केबिनमधला संगणक दुपारी आणि पहाटे एकाच वेगाने चालत नाही. आता तुमच्या काट्यावरच्या विंडोजकडे बघा. डोमेनमध्ये (एका मुख्य सर्व्हरच्या ताब्यातल्या संगणकांच्या गटात) नसलेलं विंडोज मूळ सेटिंगमध्ये फार क्वचित वेळ विचारतं. बऱ्याच आवृत्त्यांत आठवड्यातून एकदाच. दहा लाखांत दहा भाग मागे पडणारं घड्याळ आठवड्यात सहा सेकंद मागे जातं. म्हणजे आठवड्याच्या सुरुवातीला सगळं ठीक, शेवटी शेवटी क्रम उलटा आणि मग एका दुरुस्तीनंतर पुन्हा ठीक. ‘महिन्यातून चार-पाचदा’ हा तुमचा आकडा वाचल्यावर माझं लक्ष सगळ्यात आधी तिकडे गेलं. तुम्ही लिनक्सच्या दोन मशिनवर मेहनत घेताय, पण माझा पहिला संशय काट्याच्या संगणकावर आहे. उलट्या नोंदींच्या तारखा कॅलेंडरवर मांडून पाहा. त्या ठरावीक वारांभोवती गोळा होत असतील तर माझा अंदाज बरोबर.

विखुरलेल्या असतील तर मात्र दोष एनटीपीडेटकडेही जातो. त्यासाठी नेटवर्कवरून वेळ कशी मोजतात ते समजून घ्यायला हवं. समजा, तुम्ही एसटीच्या कंडक्टरच्या हाती तालुक्याच्या गावी चिठ्ठी पाठवली: ‘तिकडे किती वाजले?’ चिठ्ठी निघाली तेव्हा तुमच्या घड्याळात किती वाजले होते ते तुम्ही लिहिलं. समोरच्याने ती हाती आल्याची आणि उत्तर परत दिल्याची, अशा आपल्या घड्याळातल्या दोन वेळा लिहिल्या. उत्तर पोहोचल्याची वेळ पुन्हा तुम्ही लिहिली. या चार वेळांवरून जाण्यायेण्यात एकूण किती वेळ गेला ते नक्की कळतं. पण जाताना किती आणि येताना किती, हे कळत नाही. म्हणून दोन्ही सारखे धरून निम्मे-निम्मे करतात. नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या या पद्धतीला एनटीपी म्हणतात आणि तिचं सगळं गणित या एका गृहीतकावर उभं आहे. जाताना एक तास आणि येताना तीन तास लागले असतील तर तुमचं उत्तर एका तासाने चुकतं आणि चुकल्याचं तुम्हाला कळतही नाही.

मोबाइल इंटरनेटवर हे रोज घडतं. सीसीटीव्हीचं चित्रीकरण वर चढत असलं की जाणारी वाट तुंबते आणि येणारी मोकळी राहते. जाण्यायेण्याला दीड सेकंद लागला आणि तो जवळजवळ सगळा एकाच बाजूला गेला, तर मोजलेली वेळ पाऊण सेकंदाने चुकते. एनटीपीडेट लागोपाठ चार चिठ्ठ्या पाठवतं, आलेल्या उत्तरांतून निवड करतं आणि तिथेच विसरून जातं. चारही चिठ्ठ्या त्याच तुंबलेल्या वाटेने गेलेल्या असतात. फरक अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त दिसला की ते घड्याळ थेट उडवतं, कमी असेल तर हळूहळू सरकवतं. त्यामुळे एरवी सगळं शांत असतं आणि लाइन तुंबल्यावर किंवा आठ-दहा तास इंटरनेट बंद राहून परत आल्यावर अचानक उडी बसते. पुढच्या तासाला वाट मोकळी मिळाली तर ती उलट्या दिशेनेही बसू शकते. डेटाबेस चालू असताना घड्याळ मागे गेलं की क्रमाचा भरवसा गेलाच. क्रॉनमधली ती ओळ काढा, हे माझं सगळ्यात ठाम सांगणं. त्याच मशिनवर दुसरं सॉफ्टवेअर लावून ती ओळ तशीच ठेवणं तर आणखी वाईट, कारण मग एकाच घड्याळाला दोघं जण दोन दिशांना ओढतात.

हे दोघांचं ओढणं मी एका रुग्णालयात पाहिलं आहे. सर्व्हर आभासी मशिनवर होता, म्हणजे एका खऱ्या यजमान मशिनच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकावर. आत क्रॉनी वेळ जुळवत होतं आणि बाहेरून आभासीकरणाचं सॉफ्टवेअरही थोड्या थोड्या वेळाने आपली वेळ लादत होतं. यजमान मशिनची वेळ मुळातच चुकीची होती. रक्ताचा नमुना घेतल्याच्या आधीच तो प्रयोगशाळेत पोहोचल्याच्या नोंदी निघाल्या. परिचारिकांना लेखी खुलासे द्यावे लागले आणि त्यांची काडीची चूक नव्हती. ते अजून डाचतं. तुमचा सर्व्हर आभासी मशिनवर असेल तर एकाच कुणाला तरी घड्याळाचा मालक ठरवा आणि बाकीचे सगळे बंद करा.

आता सॉफ्टवेअरविषयी. एनटीपी हा संगणकांनी एकमेकांशी बोलण्याचा करार (प्रोटोकॉल) डेव्हिड मिल्स यांनी रचला. त्याचं पहिलं अधिकृत दस्तऐवजीकरण १९८५ सालचं आणि आज चालणारी चौथी आवृत्ती २०१० सालची. मिल्स २०२४च्या जानेवारीत गेले. त्यांचं आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं एनटीपीडी हे या कामाचं मूळ सॉफ्टवेअर. त्याचा पसारा कमी करून सुरक्षित करण्यासाठी एनटीपीसेक ही वेगळी शाखा निघाली. क्रॉनी रिचर्ड कर्नो यांनी १९९०च्या दशकात लिहायला घेतलं आणि आता ते मुख्यतः मिरोस्लाव्ह लिखवार सांभाळतात. लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीसोबत येणारं टाइमसिंकडी हा फक्त साधा ग्राहक आहे. ते एका वेळी एकाच सर्व्हरचं ऐकतं आणि स्वतः दुसऱ्याला वेळ देऊ शकत नाही. बूमच्या पेटीला ते चालेलही, मुख्य सर्व्हरला नाही.

चोवीस तास चांगलं इंटरनेट आणि थंड सर्व्हररूम असेल तर एनटीपीडी आणि क्रॉनी यांत मी फार फरक करणार नाही. जिथे आधीपासून एनटीपीडी नीट चाललंय तिथे ते उपटायलाही सांगणार नाही. तुमची परिस्थिती वेगळी आहे. क्रॉनी मुळात सतत जोडणी नसलेल्या संगणकांचा विचार करून लिहिलं गेलं. ते जुन्या मोजण्या लक्षात ठेवतं, कोणती चिठ्ठी तुंबलेल्या वाटेने आली ते तिच्या उशिरावरून ओळखून तिला कमी वजन देतं आणि तुमचा स्फटिक नेमका किती वेगाने चुकतो ते शिकून ड्रिफ्टफाइलमध्ये लिहून ठेवतं. या शेवटच्या गोष्टीचं मोल इंटरनेट गेल्यावर कळतं. दिवसाला चार सेकंद चुकणारं घड्याळ ती चूक माहीत असल्यामुळे आपलं आपण भरून काढतं. उरलेली चूक दहा लाखांत एका भागापर्यंत आली तर दिवसभर इंटरनेट नसतानाही फरक सेकंदाच्या अकराव्या-बाराव्या हिश्श्याइतका राहतो. तापमान फार हललं तर जास्त, पण सहा सेकंदांच्या जवळपासही नाही.

दुसरं कारण सरकवण्याचा वेग. एनटीपीडी दहा लाखांत पाचशे भागांपेक्षा वेगाने घड्याळ सरकवत नाही, म्हणजे एक सेकंद भरून काढायला २००० सेकंद, अर्ध्या तासाहून जास्त. म्हणून मूळ सेटिंगमध्ये १२८ मिलिसेकंदांहून मोठा फरक टिकून राहिला तर ते उडी मारतं. क्रॉनीला त्याहून कितीतरी जास्त वेगाची मुभा आहे. मूळ मर्यादेत एक सेकंद सुमारे १२ सेकंदांत भरून निघू शकतो आणि त्या काळात घड्याळ फक्त हळू किंवा जलद चालतं, मागे कधीच जात नाही.

मांडणी मी अशी करेन. मुख्य लिनक्स सर्व्हर बाहेरून वेळ घेईल आणि बाकी सगळे फक्त त्याच्याकडून घेतील. चौदा संगणकांना स्वतंत्रपणे बाहेर पाठवू नका. तुंबलेल्या लाइनवर प्रत्येकाचा अंदाज वेगळा येईल आणि एकमतच राहणार नाही. सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये ‘अलाव’ लिहून पुढे फक्त तुमच्या आतल्या नेटवर्कचा पत्ता द्या, फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ (एनटीपी वापरतं ते पोर्ट) तेवढ्याच नेटवर्कसाठी उघडा. बाहेरच्या जगाला तो उघडा ठेवू नका. २०१४ साली उघड्या एनटीपी सर्व्हरांचा वापर करून प्रचंड हल्ले झाले होते. हल्लेखोर छोटी विचारणा पाठवायचे आणि त्याचं भलंमोठं उत्तर तिसऱ्याच्याच माथी मारायचे. त्यानंतर सॉफ्टवेअर सुधारलं, पण विनाकारण दार उघडं का ठेवायचं?

बाहेरचे स्रोत किती? एक असेल तर तो चुकला तर तुम्हीही चुकता. दोन असतील आणि भांडले तर कोण खरं ते ठरवता येत नाही. तीन असले की दोघांच्या मताने तिसरा बाजूला काढता येतो, म्हणून तीन किंवा चार. आपल्याकडे निवडही बरीचशी ठरलेली आहे. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ला काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या-संस्था आणि सरकारी कार्यालयांनी आपली घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, म्हणजे एनपीएल, यांच्या एनटीपी सर्व्हरशी किंवा त्यांच्यापर्यंत माग जाणाऱ्या सर्व्हरशी जुळवायची आहेत. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीतल्या एनपीएलच्या अणुघड्याळांवरूनच ठरते. एनआयसीच्या सर्व्हरांची नावं ‘समय’ या शब्दापुढे एक आणि दोन अशी आहेत. हे दोन आणि एनपीएलचा एक, असे तीन लावा आणि प्रत्येकापुढे ‘आयबर्स्ट’ लिहा, म्हणजे सुरुवातीला लागोपाठ विचारून लवकर जुळतं. आंतरराष्ट्रीय एनटीपी पूलचा (स्वयंसेवकांनी चालवलेल्या सर्व्हरांच्या गटाचा) सर्व्हर तुलनेसाठी हवा असेल तर त्यापुढे ‘नोसिलेक्ट’ लिहा. मग तो यादीत दिसतो, पण घड्याळाला हात लावत नाही. गूगलचे सर्व्हर मात्र या यादीत मिसळू नका. लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवण्यासाठी जागतिक वेळेत घातलेला जादा सेकंद) आला की ते तो एका क्षणी न घालता दिवसभरात पसरवून टाकतात, त्यामुळे त्या दिवशी ते इतरांशी जुळत नाहीत. शेवटचा लीप सेकंद २०१६च्या अखेरीस आला, आपल्या घड्याळाने १ जानेवारी २०१७च्या पहाटे साडेपाचच्या ठोक्याला. पुढचा कधी येईल ते ठरलेलं नाही, पण मिसळ करायचं कारणही नाही.

आणि इंटरनेट गेल्यावर? सर्व्हरवर ‘लोकल स्ट्रॅटम १०’ ही ओळ घाला. स्ट्रॅटम म्हणजे मूळ घड्याळापासून आपण कितव्या पायरीवर आहोत ते. ती नसेल तर बाहेरचे सगळे स्रोत बराच काळ तुटल्यावर सर्व्हर आतल्यांना ‘माझी वेळ खात्रीची आहे’ असं सांगेनासा होतो, आणि मग प्रत्येक संगणक आपापल्या वाटेने वाहत जातो. ही ओळ असली की सर्व्हर स्वतःच्या घड्याळावर वेळ देत राहतो. तो थोडा चुकेल, पण सगळे त्याच्यासोबत तितकेच चुकतील. काट्याला हवं ते एकमत टिकतं. आतमध्ये दोन सर्व्हर ठेवणार असाल तर दोघांना एकमेकांचे स्रोत म्हणून लिहा आणि त्याच ओळीत ‘ऑर्फन’ जोडा, म्हणजे तुटल्यावर दोघांपैकी एकच मुख्य ठरतो. चौदा संगणकांना मला एक पुरेसा वाटतो.

जीपीएस घेऊ का, असा पुढचा प्रश्न येतोच. इंटरनेट दिवसेंदिवस बंद राहत असेल तर घ्या, पण दर सेकंदाला ठोका देणारी वेगळी तार असलेला. नुसत्या यूएसबीवरच्या स्वस्त जीपीएसची वेळ कधी कधी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या पटीत इकडेतिकडे होते. तुमचं इंटरनेट काही तासांपुरतंच जातं, म्हणून यंदा तरी तो खर्च करू नका. पीटीपी या मायक्रोसेकंदांपर्यंत वेळ जुळवणाऱ्या वेगळ्या पद्धतीचंही तेच.

एक ओळ जपून वापरा: ‘मेकस्टेप १ ३’. तिचा अर्थ असा की सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन दुरुस्त्यांत फरक एक सेकंदापेक्षा जास्त दिसला तर उडी मारायची, नंतर कधीच नाही. ती हवीच. हंगाम संपल्यावर संगणक महिनोन् महिने बंद राहतात, मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी मरते आणि पुढच्या मोळीपूजनाच्या आदल्या दिवशी संगणक कुठल्या तरी जुन्या वर्षात जागा होतो. तिथे सरकवत बसून चालणार नाही. पण या ओळीमुळेच गाळप चालू असताना क्रॉनी रीस्टार्ट करू नका, कारण रीस्टार्टनंतर उडीची मुभा पुन्हा मिळते. आणि बूट होताना डेटाबेस क्रॉनीच्या आधी उभा राहू नये म्हणून ‘क्रॉनिसी वेटसिंक’ ही वेळ जुळेपर्यंत थांबणारी आज्ञा पूर्ण झाल्यावरच तो सुरू होईल अशी व्यवस्था करा, पण त्याला वेळेची मर्यादा घाला, नाहीतर त्या सकाळी इंटरनेट नसलं तर डेटाबेसच उठणार नाही. हंगामाआधी सगळ्या बॅटऱ्या बदलणं हा फार छोटा खर्च आहे.

क्रॉनी विंडोजवर चालत नाही. काट्याच्या संगणकावर विंडोजचीच वेळसेवा तुमच्या लिनक्स सर्व्हरकडे वळवा आणि विचारण्याचं अंतर पंधरा मिनिटांवर आणा. तेवढ्याने आठवड्याचे सहा सेकंद काही मिलिसेकंदांवर येतात. जास्त काटेकोर हवं असेल तर माइनबर्ग कंपनी विंडोजसाठी एनटीपीडीचं मोफत इन्स्टॉलर देते. सीसीटीव्ही रेकॉर्डरच्या मेनूत एनटीपीची जागा असते, तिथेही आतल्या सर्व्हरचाच पत्ता लिहा. पावती आणि चित्रीकरण एकाच वेळेवर आले की अर्धे वाद तिथेच मिटतात. फरक नेमका साडेपाच तासांचा दिसला तर तो घड्याळाचा नाही, टाइमझोनचा दोष आहे. एनटीपी फक्त जागतिक वेळ देतं, साडेपाच तास मिळवायचं काम प्रत्येक मशिनचं स्वतःचं.

तपासायचं कसं? ‘क्रॉनिसी सोर्सेस’ चालवा. ज्या ओळीपुढे तारा दिसतो तो सध्याचा निवडलेला स्रोत, अधिक चिन्ह म्हणजे त्याच्यासोबत धरलेला, फुली म्हणजे खोटा ठरवलेला. ‘रीच’च्या रकान्यात ३७७ असेल तर शेवटच्या आठही चिठ्ठ्यांना उत्तर आलं आहे. हा आकडा अष्टमान पद्धतीतला आहे, त्यामुळे ३७७ म्हणजे पैकीच्या पैकी. मग ‘क्रॉनिसी ट्रॅकिंग’मध्ये ‘फ्रिक्वेन्सी’ बघा, तुमचा स्फटिक किती चुकतो ते तिथे कळेल. सगळं बसवल्यावर आठवडाभर सकाळ-दुपार हे आकडे एका वहीत उतरवून ठेवा. आपल्या मशिनचा स्वभाव त्यातून जसा समजतो तसा कुठल्याही लेखातून समजत नाही.

घड्याळांच्या पलीकडची एक गोष्ट, पण तिच्याशिवाय उत्तर अपुरं राहील. बूमची पेटी आणि काट्याचा संगणक दोघेही एकाच डेटाबेसमध्ये लिहीत असतील, तर नोंदीची वेळ त्यांनी पाठवू नये, डेटाबेस सर्व्हरनेच घालावी. सोबत वाढत जाणारा अनुक्रमांकही ठेवा. मग क्रम ठरवायला दोन घड्याळांची साक्ष लागतच नाही. मशिनची स्वतःची वेळ वेगळ्या रकान्यात जरूर ठेवा, कारण नेटवर्क तुटल्यावर नोंदी मागाहून येतात तेव्हा तीच उपयोगी पडते. सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीने केलेलं असेल तर हा बदल होईल की नाही ते तुमच्या कराराप्रमाणे ठरेल, पण मागणी लेखी करा.

आणि आधीच्या उलट्या नोंदींना हात लावू नका. घड्याळ सुधारल्यावर जुन्या वेळाही सरळ करून टाकाव्यात असा मोह होईल, वरून सांगितलंही जाईल. शेतकऱ्याच्या खिशात असलेली पावती आणि तुमची नोंद यांत तफावत पडली की मग घड्याळाची गोष्ट कोणी ऐकत नाही. त्या नोंदींपुढे शेऱ्याचा एक रकाना उघडा आणि त्यात लिहा की अमुक तारखेपर्यंत दोन मशिनच्या वेळा जुळत नव्हत्या, वजनाच्या आकड्याशी याचा संबंध नाही. त्या शेऱ्याची छापील प्रत काट्याच्या केबिनमध्ये लावा, म्हणजे पावती घेऊन येणाऱ्याला ती स्वतः वाचता येईल.